उजेड कुठला होता?

निजसुरेकाका माणसाशी ओळख करून घेतात ती खिडकीपाशी. नाव, गाव, नोकरी हे सगळं मागाहून. आधी ते तुमचं मनगट धरतात आणि तुम्हाला उत्तरेकडच्या, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीशी नेऊन उभं करतात. मग शर्टाच्या खिशातून पुठ्ठ्याचं एक घडीचं कार्ड निघतं. त्यावर बोटभर रुंदीच्या साठ पट्ट्या, ज्वारीच्या पिठापासून जळक्या कॉफीपर्यंत. कार्ड मनगटावर सरकवत सरकवत ते एका पट्टीशी थांबतात, डावा डोळा मिटून बघतात, उजवा मिटून बघतात आणि निकाल देतात.

माझा निकाल होता एकतीस.

"एकतीस," काका म्हणाले. "बत्तिसाकडे किंचित झुकलेला. पण मराठी मंडळाच्या या हॉलमधली ट्यूब नालायक आहे. हिच्याखाली धडधाकट माणूस आजारी दिसतो. हं, आता बोला. नाव काय तुमचं?"

मी मनगट सोडवून घेतलं, नाव सांगितलं आणि घरी येऊन त्यांच्यावर यथेच्छ चिडले. चिडून झाल्यावर मात्र मला बरं वाटलं. पुण्यात माझ्या सगळ्या मावश्या-आत्यांनी माझा रंग एकाच वाक्यात सांगितलेला आहे: "रंग जरा कमी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे हो मेधा." माझ्या रंगापुढे 'पण' न लावणारा हा पहिलाच माणूस भेटला होता. त्यांचा 'पण' होता तो ट्यूबलाइटला.

काका चौतीस वर्षं फरीदाबादच्या एका रंगाच्या कारखान्यात होते. काम शेड मॅचिंगचं. म्हणजे गिऱ्हाईक भिंतीचा एखादा पोपडा, कापडाचा तुकडा, नाहीतर जुन्या मोटारीचा पत्रा घेऊन येणार आणि काकांनी हुबेहूब तोच रंग डब्यात भरून द्यायचा. आता हे मशीन करतं. काकांच्या वेळी डोळा करायचा. त्यांच्या टेबलावर एक पेटी असायची, तिच्यात तीन तऱ्हेचे दिवे. एका दिव्याखाली तंतोतंत जुळलेला रंग दुसऱ्या दिव्याखाली साफ वेगळा निघायचा. या पेटीनं काकांचा जगावरचा विश्वास उडवला. तेव्हापासून कुणीही कशालाही सुंदर म्हटलं, मग ती पैठणी असो की कुणाची सून, की ते एकच विचारतात, "उजेड कुठला होता?"

भाजीवाले त्यांना घाबरून असतात. आमच्या सेक्टरच्या बाजारात टोमॅटोच्या ठेल्यावर लाल ताडपत्री आणि पालकाच्या ठेल्यावर हिरवी, ही काही सजावट नव्हे, हे मला काकांमुळे कळलं. "भैया, ये टमाटर जरा धूप में लाओ," असं म्हणून ते अख्खी टोपली रस्त्यावर उन्हात आणून ठेवायचे. ताडपत्रीखाली लालबुंद दिसणारे टोमॅटो तिथं बघता बघता फिके पडायचे. भाजीवाला म्हणायचा, "अंकल, सब्ज़ी लेनी है या शादी करनी है?"

"शादीतही हेच करतात," काका मराठीत पुटपुटायचे. हे ते माझ्याकडे बघून म्हणत नसत, तरी मी दुसरीकडे बघायचे.

मागल्या वर्षी त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि उजव्याचं राहिलं. साध्या माणसाला यात विशेष काही वाटत नाही. काकांच्या दोन डोळ्यांत मात्र दोन वेगळी जगं आली. डाव्याला दूध पांढरं दिसायचं, उजव्याला चहाचं पाणी पडल्यासारखं. मग ते येता-जाता प्रत्येक वस्तूकडे आळीपाळीनं एकेक डोळा मिटून बघायला लागले. मेट्रोत एक बाई भडकली. "शर्म नहीं आती अंकल, आँख मारते हो?" काका तिला शांतपणे म्हणाले, "मैडम, आप दाएँ से पीली हैं, बाएँ से बिल्कुल ठीक हैं." पुढच्या स्टेशनवर गार्डनं त्यांना उतरवून घेतलं. काकू दोन तासांनी जाऊन घेऊन आल्या.

आता माझा आणि त्यांचा संबंध कसा आला ते सांगते. मी गुडगावला एका आयटी कंपनीत आहे, राहते फरीदाबादला, वय सदतीस, बिनलग्नाची. मराठी मंडळात अशा बाईला लगेच वधूवर केंद्राचं काम देतात. हेतू उघड असतो. केंद्राच्या नोंदवह्या कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडे आलं, आणि त्या नोंदवह्या दर रविवारी दहा ते बारा लिहायचे निजसुरेकाका.

वह्यांत उंची, शिक्षण, पत्रिका, अपेक्षा, सगळं नीट मोत्यासारख्या अक्षरात. वर्ण या रकान्यात मात्र 'गोरा', 'निमगोरा', 'गहूवर्णी' असलं काहीच नाही. तिथं लिहिलेलं: 'सव्वीस. उत्तरेचा उजेड. सकाळी साडेदहा. आकाश धुरकट.'

एका आईंनी मुलीच्या नावापुढे 'गोरीपान' लिहा म्हणून हट्ट धरला होता.

"उजेड कुठला होता?" काकांनी विचारलं.

"अहो, माझ्या पोटची मुलगी आहे ती!"

"ते खरंच आहे. पण उजेड?"

त्या बाई तडक अध्यक्षबाईंकडे गेल्या. अशा तक्रारी साठत गेल्या आणि शेवटी अध्यक्षबाईंनी मला फर्मान काढलं, वह्या काढून घे, काकांना गोड बोलून निरोप दे. मी कॉम्प्युटरवर वर्ण या रकान्यात आधीच चार पर्याय घालून ठेवले होते, गोरा ते सावळा. 'काळा' घातला नव्हता. तो कुणी निवडणारच नाही, असं अध्यक्षबाई म्हणाल्या होत्या आणि मला त्यात काही चूक वाटलं नव्हतं.

वह्या आणायला मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले. दार काकूंनी उघडलं. आत सगळं राखाडी. भिंती राखाडी, छत राखाडी, पडदे राखाडी, सोफ्याचे अभ्रे राखाडी, कॅलेंडरसुद्धा उलटं टांगलेलं, पाठीमागची राखाडी बाजू वर. त्या सगळ्यात काकू पोपटी साडी नेसून उभ्या. माझं तोंड बघून म्हणाल्या, "मुद्दाम नेसते गं असल्या. म्हटलं, या घरात कुणीतरी एक माणूस दिसायला हवा."

काका बाहेर आले आणि मला भिंतीकडे तोंड करून एका स्टुलावर बसवलं. "एक मिनिट नुसतं भिंतीकडे बघ. डोळे विसावू देत. बाहेरून रंग घेऊन येतो आपण, तेच इथं सगळ्यांवर फासतो." कारखान्यात रंग जुळवायच्या खोलीला अशाच राखाडी भिंती असतात म्हणे, म्हणजे शेजारच्या रंगाची सावली नमुन्यावर पडत नाही. मी मिनिटभर बसले. काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "मेधा, उठ गं आता. मी अकरा वर्षं बसलेय."

मी हसले. त्या हसल्या नव्हत्या, हे मला चहा घ्यायला आत गेल्यावर कळलं.

स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन काकू हळू आवाजात म्हणाल्या, "तू त्यांना काहीतरी सांग. तुझ्याशी बोलतात ते. उजवा डोळा पार पिकलाय. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात ऑपरेशन केलं नाही तर आत दाब वाढेल आणि डोळा जाईल. हे नाही म्हणतात."

"का पण? डाव्याचं तर केलं."

काकूंनी पदराला हात पुसले आणि मला मधल्या खोलीत नेलं. काका बाहेर वह्या बांधत होते. काकूंनी जुन्या लाकडी कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला, जिथं बायका टिकल्या चिकटवून ठेवतात तिथं, तपकिरी रंगाचे अकरा चौकोन होते, पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडे मोठे, ब्रशनं नीट भरलेले, एकाखाली एक. प्रत्येकाखाली पेन्सिलीनं वर्ष.

"ही मैथिली आहे," काकू म्हणाल्या. "आमची मुलगी."

मग त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. 

मैथिली सावळी नव्हती, काळी होती. काकांच्या आईवर गेली होती. अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत तीन ठिकाणांहून नकार आले, तिन्ही वेळा कारण पत्रिकेचं सांगितलं गेलं आणि तिन्ही वेळा ते कारण नव्हतं. चौथं स्थळ नोएडाचं, चांगलं होतं. ती माणसं यायच्या आधीच्या आठवड्यात काकांनी बाहेरच्या खोलीची एक भिंत रंगवायला काढली. गडद, जवळजवळ काळपट मरून. समोर पिवळा बल्ब, खाली टांगलेला. खुर्ची कुठं ठेवायची ते त्यांनी जमिनीवर खडूनं आखलं. गडद भिंतीपुढे कुठलाही चेहरा दोन पट्ट्या उजळ दिसतो, हे त्यांचं रोजचं काम होतं. मैथिलीला वाटलं, दिवाळीचं रंगकाम आहे.

"शिडी तिनंच धरली होती," काकू म्हणाल्या.

पाहुणे आले, पोहे झाले आणि बसल्या बैठकीत होकार आला. साखर वाटली. काका त्या रात्री गाणं गुणगुणत होते म्हणे. पुढं संक्रांतीच्या सुमाराला मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला निघाली, दरवर्षी निघते तशी. दोन्ही घरची माणसं एकाच बसमध्ये. सकाळचं धुकं दुपारी वर गेलं आणि त्या मोकळ्या मैदानात लख्ख ऊन पडलं. मुलाच्या आईनं मैथिलीकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग सगळ्यांसमक्ष काकांपाशी येऊन म्हणाली, "आमच्या घरात तुमच्याकडचे बल्ब नाहीत हो, निजसुरे."

मैथिलीला तेव्हा काही समजलं नाही. घरी येऊन तिनं पिवळा बल्ब काढला, ट्यूब लावली आणि त्या भिंतीवर आपला हात टेकवून बघितला. बराच वेळ टेकवून उभी होती. आठवड्याभरात ती घर सोडून गेली. आईशी फोनवर बोलते, बाहेर कुठं भेटते. पण 'बाबा' हा शब्द आला की फोन ठेवते. ती गेल्यावर काकांनी तीन दिवसांत सगळं घर राखाडी केलं.

"आणि हे चौकोन?"

"दर वाढदिवसाला एक. फोटो ठेवत नाहीत. म्हणतात, फोटो खोटा असतो. सगळ्या गावाची मनगटं धरतात, पण पोटच्या पोरीचा नंबर कधी घेतला नाही. रोज डोळ्यांसमोर होती, कशाला घेतील? आता आठवून आठवून रंग कालवतात, विसरू नये म्हणून." काकूंनी कपाटाचं दार लावलं. "डावा डोळा उघडल्यावर पहिल्यांदा इथंच आले. म्हणाले, ही ती नाहीच. तेव्हापासून हे दार उघडताना डावा डोळा मिटून घेतात. उजव्यानंच तिला बघितलेलं आहे म्हणे. तो बदलला की ती गेलीच."

मला गलबलून आलं आणि रागही आला. एका पिकल्या डोळ्यासाठी एवढा हट्ट करणारा बाप आणि अकरा वर्षांत एकदाही मुलीच्या दारात न गेलेला बाप, हा एकच माणूस होता. काका वह्या घेऊन आत आले. मी त्यांना ऑपरेशनचं विचारलं. ते म्हणाले, "बघू. उजेड चांगला असला की जाऊ." निरोपाचं गोड बोलणं माझ्याच्यानं झालं नाही. मी वह्या घेऊन घरी आले.

मी निघताना काकूंनी माझ्या पर्समध्ये काकांच्या कार्डाची दुसरी प्रत सरकवली होती. "मैथिलीला भेट. हे दाखव, म्हणजे तिला कळेल कुणाकडून आलीस. नुसतं एकदा यायला सांग. यांना एकदा दिसली की करतील ऑपरेशन."

मैथिली नवऱ्याबरोबर सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते. फरीदाबादहून मेट्रो, लाजपत नगरला बदलायची, सगळा मिळून सव्वा तास. अकरा वर्षं हा सव्वा तास बापलेकींपैकी कुणी ओलांडला नव्हता. तिनं घरी बोलावलं नाही, बाजारात बोलावलं. शनिवारची दुपार, कपड्यांच्या ढिगाऱ्यांतून वाट काढत आम्ही भेटलो. उंच, सुती कुर्ता, काकांसारखं रुंद कपाळ. मी तिचा रंग बघितला. बघायचा नाही असं ठरवून गेले होते, तरी आधी तोच बघितला.

"बघून झालं?" ती म्हणाली. "चलो, चालत बोलू."

मी उजव्या डोळ्याचं सांगितलं, कपाटाचं सांगितलं. ती ऐकत होती. एका दुकानदारानं तिच्या खांद्यावर पिवळा कुर्ता टाकला, वर पांढराशुभ्र एलईडी पेटवला आणि आरसा धरला. "देखो मैडम, कितना खिल रहा है आप पे!" तिनं कुर्ता काढून परत दिला.

"इथे हर दुकानात बाबा बसलेत," ती म्हणाली.

मी म्हटलं, "त्यांना पश्चात्ताप आहे गं. सगळं घर राखाडी करून बसलेत."

"मला माहीत आहे, आई सांगते. बट यू नो, मला त्या मुलाच्या आईचं काहीच नाही वाटलं. 'निमगोरी' हा शब्दसुद्धा मला माहीत नव्हता यार, पहिल्या नकाराच्या वेळी बाबांना अर्थ विचारला होता. लोकांना दिसतच नाही, ते काय ते बोलणार. बाबांना दिसतं. पूरे फरीदाबादमध्ये एकच माणूस होता ज्याला माझा रंग बरोबर दिसायचा. आणि बरोबर दिसून पण त्यांनी ती भिंत रंगवली." ती थांबली. "मी त्यांना खाली उभी राहून ब्रश देत होते. ते म्हणाले, 'कशी दिसते?' मी म्हटलं, 'मस्त.'"

 मी आपलं काहीतरी विचारायचं म्हणून नवऱ्याचं विचारलं. ती पहिल्यांदा हसली. "त्यानं मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा ऑफिसची लाइट गेली होती. उजेडच नव्हता. बाबांना सांगायला हवं होतं हे. हसले असते."

काकूंना दाखवायला म्हणून मी तिचा फोटो काढला. फोननं विचारल्याशिवाय तिचा चेहरा गुळगुळीत करून टाकला, रंगही दोन पट्ट्या उजळ केला. तिनं बघितला आणि माझ्या हातातून फोन घेऊन तो पुसून टाकला. "तुमचा फोनपण बाबांसारखाच आहे. प्रेमानंच करत असणार."

मग मी कार्ड काढलं. तिनं ते ओळखलं. हातात घेऊन उलटसुलट केलं, वास घेतला. नंतर मोबाइलवर होकायंत्र उघडून बाजाराच्या टोकाला एका इमारतीच्या उत्तरेकडच्या सावलीत गेली, मिनिटभर समोरच्या सिमेंटच्या भिंतीकडे बघत उभी राहिली आणि मग मनगटावर कार्ड सरकवायला लागली. येणारे-जाणारे वळून बघत होते. एका पट्टीशी ती थांबली.

"एक्केचाळीस," ती म्हणाली. "सांगा त्यांना. सरोजिनी नगर, उत्तरेचा उजेड, सव्वाचार, आकाश धुरकट. आणि म्हणावं, ऑपरेशन करून घ्या. मी येणार नाही."

हे तिनं दिलं की फेकलं, ते मला मेट्रोत पूर्ण सव्वा तास ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांना निरोप जसाच्या तसा सांगितला. 'येणार नाही' हेसुद्धा सांगितलं. ते उठले. कार्ड घेऊन मधल्या खोलीत गेले, कपाटाचं दार उघडलं. सवयीनं डावा डोळा मिटला. मग तो उघडला आणि उजव्यावर तळहात ठेवला.

एक्केचाळिसावी पट्टी त्यांनी सगळ्यात वरच्या, सगळ्यात जुन्या चौकोनाला लावली. जुळली, जवळजवळ जुळली. दुसऱ्याला लावली, किंचित फरक. तिसऱ्याला जास्त. ते एकेक करत खाली येत गेले. माझ्या साध्या डोळ्यांनाही आता दिसत होतं. दरवर्षीचा चौकोन आधीच्यापेक्षा जरासा उजळ होता. शेवटचा, याच वर्षीचा, तेहतिसाच्या पट्टीला लागला. तो जवळजवळ माझाच रंग होता.

"दरवर्षी थोडं पांढरं जास्त पडलं," काका म्हणाले.

काकू पटकन पुढं झाल्या. "अहो, मोतीबिंदू होता ना. भिंगच काळवंडत गेलं, तर कालवलेला रंग तुम्हाला गडदच दिसणार. म्हणून पांढरं जास्त घातलं गेलं. तुम्हीच तर सांगता असलं सगळं."

हे शास्त्र बरोबर होतं. कारखान्यात असतं तर काकांनी हाच खुलासा लिहून सही केली असती. 

"सगळं मोतीबिंदूवर नको ढकलूस," ते म्हणाले.

मग ते पलंगावर बसले आणि रडले. बहात्तर वर्षांचा माणूस, आवाज न करता, चष्मा न काढता. मी बाहेरच्या खोलीत जाऊन स्टुलावर राखाडी भिंतीकडे तोंड करून बसले. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. दाखल होताना त्यांनी माझ्या हातात हात दिला तेव्हा ते घाबरलेले होते हे मला कळलं. डोळा वाचला. मी मैथिलीला मेसेज केला. उत्तरात अंगठा आला, एवढंच.

इकडे मी अध्यक्षबाईंना न विचारता कॉम्प्युटरवरचा वर्ण हा रकाना काढून टाकला. मोठा पराक्रम केल्यासारखं दोन दिवस फिरले. तिसऱ्या दिवसापासून पालकांचे फोन सुरू झाले आणि आठवड्यात रकाना परत आला. चार पर्यायांसकट.

काका वधूवर केंद्रात आता येत नाहीत. मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले. ते उत्तरेच्या खिडकीपाशी बसले होते. भिंती राखाडीच आहेत, पडदे मात्र काढलेत. त्यांच्या समोर एक दुसरी खुर्ची होती, खिडकीकडे तोंड करून, रिकामी. मी तिच्यावर बसायला गेले तर ते म्हणाले, "तिथं नको गं मेधा. तू इकडं सोफ्यावर बस."

काकू चहा घेऊन आल्या आणि मला डोळ्यांनीच सांगितलं, रोज असंच चालतं. दहा ते बारा.

मधल्या खोलीतलं कपाट उघडं होतं. त्याचं दार काकांनी आतून घासून कोरं करून घेतलं होतं, लाकूड दिसत होतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काका, कार्ड कुठंय? आज माझा नंबर नाही बघितलात. नव्या डोळ्यानं बदलला असेल."

त्यांनी खिसा चाचपला नाही. "दिलं रद्दीत," ते म्हणाले.

"असं कसं? मैथिली आली म्हणजे?"

काकांनी समोरच्या खुर्चीकडे बघितलं. दोन्ही डोळे उघडे होते.

"आली, तर नुसतं बघीन म्हणतो."